मंडईला आलेले पाहुणे

हॅलो?... हॅलो!... हो, दवनीवाडाच... हो हो, ग्यानीरामच बोलून राहिलो, गुड्डूचा मामा... कोण?... जोरानं बोल बाई, इकडे टीव्हीचा कल्ला आहे... सुखवंता, अवो, बंद कर ना तो डब्बा! आमगावहून फोन आहे...

हं, बोल. कोण?... योगेश्वरी?... दुलीचंदभाऊची योगेश्वरी? जिच्यासंगं आमच्या गुड्डूच्या लग्नाची गोष्ट चालली आहे, तीच?... अन् तू खुद फोन केला? मधात बाप नाही, काका नाही, आत्या नाही?... वा! शाबास!... नाही वो, राग कायचा? आमची सुखवंता तं हळद लागेपर्यंत मले नवरदेवाचा भाऊ समजून राहिली होती. हे पाह्य, बसली इथे डोळे वटारून.

विचार, विचार. गुड्डूबद्दलच ना? पण आधीच सांगून ठेवतो बाई, मी जे सांगीन ते कोणी मानत नाही. दवनीवाड्यात नाही मानत, गोंदियात नाही मानत, तुह्या आमगावात तं बिलकूलच मानणार नाही. अन् अक्षर न् अक्षर खरं आहे!

...काय?... एकच गोष्ट विचारायची आहे?

...हं.

...नाही, नाही, ऐकू आलं. ऐकू आलं ना. सुईत काय आहे, ते गुड्डूले माहीत होतं का. हो का नाही, येवढंच सांगा म्हणते... अन् त्याच्यावरच तू ठरवणार?... दुलीचंदभाऊ काय म्हणतात?... तुह्यावर सोडलं... हं.

कोणी सांगितलं तुले सुईचं?... बाजारात?... काय म्हणत होते? की हा दवनीवाड्याचा सायकलवाला परदेशात पगारावर शर्यती मारत होता, अन् ताकदीच्या सुया टोचून घेतल्या म्हणून हाकलला?... हो. ते खरं आहे. दोन वर्षांची बंदी होती. आता ती बी संपली. लपवत नाही आम्ही.

पण ऐक ना वो. हो-नाही सांगून का माणूस समजते? बाजारात तांदूळ घेते तं मूठभर हातावर घेऊन पाहते का नाही? मंग? तेवढी मूठभर तं गोष्ट ऐकशीन?... हो, थोडक्यात. थोडक्यातच सांगतो मी नेहमी... सुखवंता, हसू नको.

हं. तं नव्याण्णव साल होतं. गुड्डूची आई, म्हणजे माही लहानी बहीण, ती गेली तेव्हापासून पोट्टा माह्याच घरी. आठवीत असन. माह्या जुन्या काळ्या सायकलले दोन्ही बाजूनं दुधाच्या कॅना बांधायचा अन् गोंदियाले दूध टाकायले जायचा. गंगाझरीच्या पुढे रस्त्याच्या बाजूनं रेल्वेलाईन आहे. तिरोड्याकडून येणारी पॅसेंजर अन् हा, दोघांची रोज शर्यत. ऐकते ना?... एक दिवस गाडी फाटकापाशी येते, तं हा फाटकाच्या पलीकडे चहा पिऊन, कप धुऊन उभा! ड्रायव्हरानं गाडी थांबवली... थांबवली वो! खाली उतरला. हात जोडून म्हणते, "भैया, रोज रोज बेइज्जती मत करो, मेरे को ऊपर जवाब देना पडता है."

...हस तू. दुधाचं तं ऐकलंच नाही. हॉटेलवाल्यानं कॅन उघडली, तं वरती लोण्याचा गोळा! इतका हालवत आणला यानं. घरून दूध घेऊन निघाला अन् गोंदियात लोणी विकून आला.

...काय?... काही बी?... बरं, लोणी सोड. पॅसेंजर खरी आहे... बरं, ड्रायव्हर खाली नव्हता उतरला. खिडकीतून हात केला होता. पण केला होता!

सारसाचं तं सांगितलंच नाही तुले. सारस पाहिला ना तू, माणसाएवढा पक्षी... हं, तोच. एकदा धानाच्या बांधीतून सारसाची जोडी उडाली अन् याच्या सायकलच्या बरोबरीनं निघाली. परसवाड्याच्या तलावापर्यंत तिघं बरोबर. मंग ते दोघं दमून खाली उतरले, अन् मानी खाली घालून असे उभे राहिले जसं...

...हो, हो, सुई. येतो ना सुईवर. सुई काय पळून जाते?

तं भैयाजी मास्तर म्हणून होते शाळेत, कवायत घेणारे. त्यायनं पाहिलं. पंधरा ऑगस्टच्या जिल्ह्याच्या शर्यतीत उतरवला. सगळ्याच्या सायकली गिअरच्या, याच्या सायकलले मागे कॅना बांधायचा आकडा तसाच. पहिला आला. मंग नागपूर, मंग पुणे, मंग देशाच्या शर्यती. एकदा दुसरा, एकदा तिसरा. पेपरात फोटो. अन् एक दिवस फोन, मामा, बेल्जमच्या एका लहान्या संघानं मले पगारावर घेतलं. बेल्जम! मी तं गोंदियाच्या स्टेशनवर जाऊन विचारलं, कोणती गाडी जाते म्हणून... नाही, हे खरं आहे. खिडकीवरच्या बाबूनं म्हणलं, नागपूरले बदलून घ्या.

जाताना सुखवंतानं पोह्याच्या चिवड्याची बोरी बांधून देली. विमानतळावर साहेबानं उघडून पाहिली. हे काय? चिवडा. इतका? हो. साहेबानं मूठभर खाल्ला, दुसऱ्या साहेबाले बोलावलं, त्यानं खाल्ला. विमान थांबलं म्हणे तिथे... बरं बाई, विमान नाही थांबलं. पण साहेबानं खाल्ला होता, हे गुड्डूनं खुद सांगितलं.

तिथे गेला तं पहिल्याच आइतवारी फोन. मी म्हणलं, जिंकला का रे? तं म्हणते, "मामा, मी जिंकायचं नसते. मी बाटल्या वाहतो." मी म्हणलं, काय वाहतो? म्हणते, संघात एक जण मोठा राहते. बाकीचे त्याच्यासाठी पळतात. त्याच्यापुढे राहून वारा आपल्या छातीवर घेतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून त्याले देतात, त्याचा चक्का पंचर झाला तं आपला काढून देतात. म्या म्हणलं, लेका, बाटल्याच वाहायच्या होत्या तं गोंदिया स्टेशन का वाईट होतं? भातासंगं वरण तं भेटलं असतं.

...हो ना. तू हसते, पण मले झोप नाही लागली त्या राती. माहा पोट्टा पॅसेंजरले हरवणारा, अन् तिथे दुसऱ्यासाठी वारा खाऊन राहिला.

थंडी बी अशी की बोटं हँडलले चिकटायची. रस्ते दगडाचे. आपल्या शेतातल्या गाडरस्त्यापेक्षा वाईट, अन् त्याच्यावरून हे दीडशे-दीडशे जण एका झुंडीनं. पडला किती वेळा. खांद्याचं हाड मोडलं, फोनवर म्हणे, जराशी खरचटलं. मले तं आवाजावरून समजायचं. हा उजव्या हातानं फोन धरते नेहमी, त्या दिवशी डाव्या हातानं धरलेला होता... आता फोनवरून कसं दिसन? समजते मामाले!

दुसऱ्या वर्षी एक फोन आला. तेव्हा नाही हसला तो. म्हणते, "मामा, चढावर मी मागे राहून जातो. सगळे पुढे निघून जातात. असंच राहिलं तं पुढच्या वर्षी ठेवणार नाहीत." मी काय सांगू? मी म्हणलं, ये बाबा घरी, बांध्या आहेत, भात आहे. मंग म्हणते, "मामा, सगळं गाव स्टेशनवर पोहोचवायले आलं होतं ना."

...हं.

...आहे, आहे, लाईनवरच आहो. पाणी पेलो.

पुढच्या वर्षी तो चढावर मागे राहिला नाही.

...हो. तिथेच आली ती सुई... त्यांचाच डॉक्टर. संघाचा. सगळ्याले द्यायचा का कोणाकोणाले, ते मले नाही माहीत. रक्तातली ताकद वाढते म्हणे त्यानं, दम लागत नाही. पण दाट होते रक्त, म्हणून झोपेतून उठून उठून बैठका माराव्या लागायच्या... हे?... हे त्यानं मंग सांगितलं, गंज दिवसानं.

हो का नाही?... सांगतो वो, दम धर ना! आता तं जिंकलेली गोष्ट आली. जिंकल्याची नाही ऐकायची? बाजारात सुईचंच ऐकलं, जिंकल्याचं कोणी नाही सांगितलं ना? तसेच आहेत लोक.

दोन हजार आठ. त्यांचा मोठा हिरो आजारी, म्हणून याले मोकळं सोडलं. अखेरच्या चढावर हा एकटा पुढे. तितक्यात बसायची सीट तुटली... तुटली म्हणजे उडाली! मागच्या गाडीच्या काचेवर आदळली! यानं मागे वळून बी पाहिलं नाही. उभ्याउभ्यानं सारा घाट चढला, अन् जिंकला... अवो, फोटो आहे ना! फोटोत उभाच आहे तो सायकलवर... हो, जिंकणारे सगळेच उभे राहतात म्हणते? बरं. असन. तुले गंज माहीत दिसते सायकलचं.

मिरवणूक काढली आम्ही गोंदियाहून दवनीवाड्यापर्यंत. रामलालच्या ट्रॅक्टरवर खुर्ची, पुढे बँड, मागे पोरं. गुड्डूच्या गळ्यात येवढे हार की कान दिसेनात. मी पुढे नाचून राहिलो होतो, ह्या गुडघ्यानं. अन् मागे वळून पाहतो तं पोट्टा असा बसला होता, जसा चुकून दुसऱ्याच्या वरातीत घोड्यावर बसवला. मले वाटलं, दमला असन प्रवासानं.

...हो, तेव्हा सुया सुरू होत्या.

...हो. ती जिंकलेली शर्यत बी त्यातलीच.

तू सरळ घाव घालते बाई. आमगावचं पाणीच तसं.

आता ऐक. हे ऐक, मंग पाहिजे ते विचार. मी पटाचा माणूस. शंकरपट माहीत आहे ना, बैलजोड्याच्या शर्यती. माही जोडी, चंद्र्या अन् तुरक्या, साऱ्या तालुक्यात नाव. पटाच्या आधी बैलाले खुराक देतात. कणकेचे गोळे, गूळ, अंडी, तूप... अन् वरून प्रत्येकाचं आपापलं एक गुपित. कोणी दारू पाजते, कोणी काही टोचते. कोणाले कोणी विचारत नाही. जोडी सुटली, धावली, जिंकली, संपलं. पटात कोणी शिशी घेऊन बैलाच्या मागे उभं राहते का, याचं मूत पाहू म्हणून?... नाही ना? आम्हाले काय माहीत सायकलच्या पटात उभे राहतात!

अन् कसे उभे राहतात, ते ऐक. हे तं कोणीच मानत नाही.

दोन हजार नऊची दिवाळी झाली. गुड्डू सुट्टीवर आला होता. आमच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्राच. तुले काय सांगू मंडईचं, साऱ्या नात्यातले लोक घरात, चुलीवर वडे, बाजूच्या वावरात राती नाटकाचा मंडप. अन् मंडईतच सोयरिकी जुळतात, कोणाची पोरगी कोणाच्या पोराले, सारं तिथेच. तं सकाळी एक जीप आली दारात. दोन माणसं, इस्त्रीचे कपडे, हातात डब्बा. पैला प्रश्न, गुड्डू इथंच राहते का? दुसरा, आता घरी आहे का?

आता मंडईच्या दिवशी अनोळखी माणसं दारात येऊन पोराले विचारतात, म्हणजे काय? तूच सांग... हो ना! मी म्हणलं, बालाघाटकडचे दिसतात. पोरगा पाहायले आले. बसवलं समोरच्या सपरीत, पाय धुवायले पाणी देलं, नवीन सतरंजी टाकली. ते म्हणतात, आम्हाले काही नको, मुलाला बोलवा. मी म्हणलं, असं कसं, वडे खाल्ल्याशिवाय जाता येत नाही. सुखवंतानं ताटं वाढली. ते खाऊन राहिले अन् मी पोराचे गुण सांगून राहिलो. विडी नाही, दारू नाही, खर्रा नाही. रोज किती वाजता उठते, ते विचारतात. मी म्हणलं, पाहुणे चांगले आहेत, शिस्तीचे आहेत. कोणती औषधं घेते का, विचारतात. मी म्हणलं, तब्येतीची बी चौकशी करून राहिले, बापा! शिकलेले लोक!

मंग गुड्डू आला नदीकडून. त्याले पाहून ते उभे राहिले. कागद दाखवला. गुड्डूचा चेहरा... जाऊ दे.

त्यातला एक म्हणते, आता नमुना देईपर्यंत मी तुमच्या सोबतच राहणार, नजरेआड होता येत नाही. अन् निघाला ना याच्या मागे मागे मोरीकडे! सुखवंतानं मले कोपऱ्यात ओढलं. म्हणते, अवो, हे कसे पाहुणे? पोरगा पाहायची का ही रीत आहे? मी म्हणलं, बालाघाटकडे असन बाप्पा तशी... आता हसू नको ना वो, साऱ्या घराले घाम फुटला होता!

ते सायकल खेळाच्या तपासणीवाले होते. न सांगता येतात म्हणे, कोण्या बी घरी, कोण्या बी देशात. याचा सुट्टीतला पत्ता यानंच कळवून ठेवला होता, तसा नियम आहे.

समजलं तेव्हा मी गुड्डूले परसात गाठला. तो तपासणीवाला दोन हातावर उभा, म्हणून आपल्या पोवारी बोलीतच हळू बोललो, चंद्र्याची भरून देऊ का शिशी?... अवो खरंच विचारलं! गुड्डू म्हणे, मामा, बैलाचं आहे हे त्यायले समजते. मी म्हणलं, समजू दे, म्हणतील खेळाडू तगडा आहे, नांगराले जुंपा! तितक्यातही हसला तो जरासा. मंग म्हणे, "नको मामा." अन् गेला. अन् देली शिशी भरून. मागच्या दारानं नदीपर्यंत वावरच वावर आहे बाई. पळाला असता तं कोणाच्या बापाले सापडला नसता. नाही पळाला.

...हो.

महिन्याभरानं फोन आला. संघानं काढला. मंग पेपरात. ज्यायनं ट्रॅक्टरवर हार घातले होते, तेच पानठेल्यावर पेपर वाचून दाखवून राहिले. गुड्डू घराबाहेर नाही निघाला. जेवायचा, झोपायचा, भिंतीकडे तोंड. सायकल धानाच्या ढोलीच्या मागे, पोत्यात गुंडाळून. दारासमोरून कोणाच्या बी सायकलची घंटी वाजली की याचे डोळे बंद.

मंग एक दिवस शेजारच्या चुन्नीलालची पोरगी आली रडत. शाळेतून सरकारी सायकल भेटली होती पोरींले, तिची चेन उतरली होती अन् चक्का वाकडा. गुड्डूदादा, करून दे ना. मी म्हणलं, आता हा हाकलते तिले. हा उठला. पाना घेतला. चक्का फिरवून फिरवून असा सरळ केला... तू पाहायले पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी आल्या. आता दुकान आहे, तुले माहीतच आहे. साऱ्या पट्ट्यातल्या पोरींच्या सायकली त्याच्याकडे. चढावर कसं चढायचं ते बी शिकवते त्यायले. ह्या वर्षी त्यातल्या दोघी नागपूरले शर्यतीत जाऊन आल्या. अन् पैली गोष्ट काय सांगते माहीत आहे? कोणी काही देलं तं खायचं नाही, प्यायचं नाही, टोचून घ्यायचं नाही. मी कोणाले प्रसादाचा लाडू देला तरी माह्याकडे पाहते!

...तं झालं. येवढी मूठ. आता तूच पाहून घे, तांदूळ कसा आहे.

...काय?

...नाही, विसरलो कुठे. हो का नाही. माहीत होतं का नव्हतं.

...अवो पण...

...सोडणार नाही ना तू?

...बरं. ऐक मंग. नाही! नव्हतं माहीत. बस? विचारलं, सांगितलं. त्या गोऱ्या डॉक्टरानं विटामिन म्हणून देलं, अन् यानं हात पुढे केला. शिशीवर सारं त्यायच्या भाषेत लिहिलेलं, याले ती वाचता येत नाही. एका दुभाष्याले विचारलं, तं तो बी संघाचाच, डॉक्टराले भेटलेला! त्यानं म्हणलं, बी कॉम्प्लेक्स. रंग बी लालच होता, आपल्या दवाखान्यातल्या शिशीसारखा... मले कसं माहीत? माहीत आहे! मी पाहिली ना... फोटोत... आता पटाच्या बैलाले माहीत राहते का, कणकेच्या गोळ्यात मालकानं काय टाकलं? तो खाते अन् धावते. बैलाचा काय दोष? तसाच हा पोट्टा. जुंपला, धावला... हो, शपथ!... कोणाची म्हणजे? चंद्र्याची! जिवंत असता तं त्यानं बी...

...हॅलो?... योगेश्वरी?... गेली का लाईन?... हॅलो, बोल ना वो...

...कोण?

...कोण बोलते?

...गुड्डू?

तू तिथं काय करून राहिला रे? तू तं गोंदियाले चेन आणायले गेला होता ना!... आमगावले?... तिच्या घरी?... कवापासून बसला आहे?... पैलेपासून? म्हणजे पॅसेंजर, सारस, सारं?... दुलीचंदभाऊ बी?... अन् फोन मोठ्या आवाजात ठेवला, साऱ्या घराले ऐकू येईन असा! अरे राम.

...काय "मामा, खोटं"? हळू बोल! गप बस ना लेका! मी इतक्या वेळचा घसा कोरडा करून राहिलो, बनवत आणलं सारं, अन् तू...

...हं.

...हो. सांगितलं होतं तू मले. त्याच राती, पेपरात आलं तेव्हा. आठवते. न आठवाले काय झालं... पण मामानं सारंच का फोनवर सांगायचं असते?

...काय म्हणला? पुन्हा म्हण.

"बैलाले कोणी विचारत नाही मामा. मले विचारलं होतं." ...हं... डॉक्टरानं नाव सांगितलं, काय होते ते सांगितलं, पकडल्या गेला तं काय होईन ते बी सांगितलं. विचार कर अन् सकाळी ये म्हणे... अन् सकाळी तूच गेला.

...हो बाबा. समजलं. तू बैल नाही.

...ऐक गुड्डू, रडू नको. कोणी पाहून राहिलं असन... बरं, नाही रडून राहिला. मी बी नाही रडून राहिलो. फोन तिले दे.

...हं, बाई. आता जे ऐकलं ते ऐकलं. खोटा मी आहो, पोट्टा नाही. माह्या खोट्याचा राग त्याच्यावर काढू नको, येवढंच म्हणतो. वाटल्यास मी येऊन दुलीचंदभाऊच्या...

...काय? त्यानं आधीच सांगितलं होतं तुले? सारं?... मंग मले कायले फोन केला वो?... हं... तो म्हणे, मामा मले वाचवायले खोटं बोलतील, अन् तुले पाहायचं होतं, वाचवून राहिले तं हा गप्प बसते का...

...अन् गप्प बसला असता तं?

...तं नाही म्हणली असती.

...बापा.

...अन् आता?

...आता काय वो, सांग ना! मले हार्टचा त्रास आहे... आहे! आतापासून आहे!

...येता आइतवारी?... दुलीचंदभाऊ, तुही आई, अन् तू बी?... साक्षगंधाची तारीख काढायले?... सुखवंता! अवो सुखवंता, इकडे ये, सोड ते भांडे! येऊन राहिले पाहुणे! नाही, खरे पाहुणे!... हो, या, या. वडे करायले लावतो. मोरीपर्यंत कोणी मागे येणार नाही ना याच्या?... हस, हस बेटा.

अन् एक सांगून ठेवतो बाई. तुले वाटन, मामा पकडल्या गेला. मले तं पहिल्या हॅलोलेच समजलं होतं, गुड्डू तिथं बसला आहे म्हणून. श्वास ओळखतो मी त्याचा! म्हणलं, पाहू, पोट्टा खरं बोलते का. म्हणून तं मुद्दाम ते बी कॉम्प्लेक्सचं टाकलं, त्याची परीक्षा घ्यायले...

...काय?... जोरानं बोल ना, हासण्यात समजून नाही राहिलं...

...अवो सुखवंता, ऐकलं का? सून म्हणते, "मामाजी, हे बी खोटं!"